पक्षिनिरीक्षकाची शिदोरी

हिवाळ्यातील पहाट आहे. सोलापूर शहर अजून पुरते जागे झालेले नाही. सात रस्त्याच्या चौकात, दिव्यांच्या उजेडात, शाळेची दहा-बारा मुले गोळा झाली आहेत. आज त्यांना पक्षी पाहावयास जावयाचे आहे. एकाच्या गळ्यात नवी कोरी दुर्बीण लोंबत आहे. दुसऱ्याने वडिलांचा कॅमेरा मागून आणला आहे. तिसऱ्याच्या हातात मोबाइल असून त्यावरील नकाशात एक निळा ठिपका लुकलुकत आहे. एका मुलाजवळ मात्र ह्यांपैकी काहीच नाही. त्याच्या कापडी पिशवीत एक वही, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेली भाकरी एवढाच ऐवज आहे. इतरांच्या वस्तू पाहून तो जरा संकोचून बाजूला उभा आहे. असे चित्र सहलीच्या कोणत्याही सकाळी दिसू शकेल. अशा वेळी सहज मनात येते, की ह्या मुलांपैकी पक्षी पाहण्याची खरी तयारी कोणाची झाली आहे?

वस्तू जितक्या अधिक तितकी तयारी अधिक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. पक्षिनिरीक्षणास निघताना प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावेत. हिच्यामुळे पक्षी अधिक चांगला समजेल काय? हिच्यामुळे पाहणारा सुखरूप घरी परतेल काय? आणि हिच्यामुळे पक्ष्यास काही उपद्रव तर होणार नाही ना? ह्या तीन प्रश्नांना जी वस्तू उतरेल ती शिदोरी. जी उतरणार नाही ते ओझे. त्यांतही तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. पक्षी हे यजमान आहेत आणि माणूस त्यांच्या घरी गेलेला पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानास घरातून हुसकून लावणे हे कोठल्याही रीतीस धरून नाही.

प्रथम अंगावरच्या कपड्यांचा विचार करावा. पक्ष्यांची दृष्टी फार तीक्ष्ण असते. पांढरे किंवा भडक रंगाचे कपडे माळावर दुरूनच त्यांच्या डोळ्यांत भरतात. मातीच्या, वाळल्या गवताच्या किंवा झाडपाल्याच्या रंगाचे कपडे बरे. ते नवे असण्याची गरज नाही; उलट धुऊन धुऊन मऊ पडलेले असले तर चालताना सळसळत नाहीत. पायांत बूट हवेत, कारण माळावर काटे, खडे आणि कधी कधी सापविंचूही असतात. सोलापूरचे ऊन प्रसिद्धच आहे. हिवाळ्यातही दहा वाजल्यानंतर ते चटके देऊ लागते. म्हणून डोक्यावर टोपी आणि पिशवीत पुरेसे पाणी हवेच. खाण्यासाठी सोलापूरच्या मुलांना दुसरीकडे पाहावयास नको. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ह्यांसारखे प्रवासाचे अन्न क्वचितच सापडेल. ते सांडत नाही, लवकर नासत नाही आणि त्याचा कचराही मागे राहत नाही. पहाटेच्या गारठ्यात ओलसर गवतावर बसण्यासाठी घरातील एखादी जुनी सोलापुरी चादर घ्यावी. मात्र ती अंथरावी, अंगाभोवती लपेटून हिंडू नये. तिचे सुंदर रंग माणसांस जितके आवडतात तितके पक्ष्यांस आवडत नाहीत.

आता दुर्बिणीविषयी. दुर्बीण हे उपयुक्त साधन आहे ह्यात शंका नाही. दूरचा पक्षी तिच्यामुळे जवळ दिसतो, आणि पाहणाऱ्यास जवळ जावे लागत नाही. हा तिचा मोठा गुण होय. परंतु तिच्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा आकडा पुढील भिंगाचा व्यास किती मिलिमीटर आहे ते सांगतो. भिंग जितके मोठे, तितका प्रकाश अधिक येतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट दिसते. पहिला आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असे मुलांना वाटते. पण बारा किंवा सोळा पट मोठे दाखविणारी दुर्बीण हातात धरली की पक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो, आणि दृष्टीच्या टापूत येणारे क्षेत्र लहान होते. फांदीवरील चपळ पक्षी मग सापडतच नाही. म्हणून जाणते निरीक्षक सात ते दहा पटींची दुर्बीणच पसंत करतात.

दुर्बीण वापरण्याचीही एक रीत आहे. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. खाली मान घालून आधी दुर्बीण शोधली तर पक्षी हरवतो. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. त्याने डोळे कायमचे अधू होऊ शकतात. सर्वांजवळ दुर्बीण असलीच पाहिजे असेही नाही. चार मुलांत एक दुर्बीण असली तरी पुरते. एकाने दुर्बिणीतून पाहून वर्णन करावे, दुसऱ्याने ते लिहून घ्यावे, तिसऱ्याने पुस्तकात शोधावे आणि चौथ्याने नुसत्या डोळ्यांनी आजूबाजूस लक्ष ठेवावे. अशा वाटणीने चौघेही एकट्यापेक्षा अधिक शिकतात. विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाच्या, म्हणजेच पूर्वीच्या कंबर तलावाच्या, काठी तर दुर्बिणीवाचूनही पुष्कळ दिसते. ढोकरी, बगळे आणि खंड्या तर दिसतातच. शिवाय काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षीही दिसतो. पंढरपूरच्या जिल्ह्यात ह्या पक्ष्याचे नाव कोणास समजावून सांगावे लागत नाही.

निरीक्षणानंतरचा प्रश्न वाटेचा. सात रस्त्याच्या चौकात उभे राहिलेल्या मुलास सात वाटा दिसतात; त्यांतील प्रत्येक वाट कोणत्या दिशेस जाते हे किती मुलांस सांगता येईल? नान्नजचे माळरान शहराच्या उत्तरेस बार्शीच्या वाटेवर आहे. हिप्परग्याचा तलावही उत्तरेसच, पण तुळजापूर रस्त्यालगत आहे. संभाजी तलाव मात्र दक्षिणेकडे, विजापूर रस्त्यावर आहे. चौकात ज्यास दिशा कळत नाही, त्यास माळावर ती कशी कळणार? चौकात निदान पाट्या असतात आणि विचारावयास माणसे असतात. माळरानावर चहूकडे सारखेच गवत असते. खूण म्हणावी असे एखादे बाभळीचे झाड, आणि अर्धा कोस चालल्यावर तसेच दुसरे. पक्ष्यामागे डोळे लावून चाललेला माणूस अशा ठिकाणी हमखास चुकतो.

यावर आजची मुले चटकन उत्तर देतील, की मोबाइलमधील नकाशा आहे ना! हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह अखंड संदेश पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की हातातील यंत्र स्वतःचे स्थान काढते. भारतानेही ‘नाविक’ ह्या नावाची स्वतःची उपग्रहमाला उभारली आहे. मानवी बुद्धीचा हा मोठाच पराक्रम होय, आणि त्याचा उपयोग न करणे हा शहाणपणा नव्हे. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे माळावर जाळे मिळाले नाही तरी अडत नाही. परंतु यंत्राची वीज संपते, ते पाण्यात पडते, उन्हात त्याचा पडदा नीट दिसत नाही. शिवाय त्या निळ्या ठिपक्याची एक मोठी उणीव आहे. तो माणूस कोठे आहे ते सांगतो, पण माणसास स्वतःहून दिशा ओळखावयास शिकवीत नाही. काठीच्या आधाराने चालणे वाईट नाही. पण पाय असूनही चालावयास न शिकणे वाईट.

म्हणून छापील नकाशा आणि होकायंत्र ही जुनी जोडी अजूनही शिदोरीत असावी. १७६७ साली स्थापन झालेली भारतीय सर्वेक्षण ही संस्था देशाचे नकाशे तयार करते. तिच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावर ओढे, तळी, पाऊलवाटा, गावे आणि जमिनीचा चढउतार दाखविलेला असतो. नकाशा जमिनीवर पसरावा, होकायंत्र त्यावर ठेवावे आणि नकाशाची वरची बाजू सुईच्या उत्तरेकडे येईल असा तो फिरवावा. मग कागदावरील ओढा आणि समोरील ओढा एकाच दिशेस दिसू लागतात. होकायंत्र वापरताना मोबाइल, चाकू किंवा लोखंडी खांब जवळ असू नये. लोखंडाच्या आणि चुंबकाच्या सान्निध्यात सुई भुलते. रस्ता सोडून माळात शिरताना आपली दिशा वहीत लिहावी. उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यापासून पश्चिमेस शिरलेल्या माणसाने केव्हाही सरळ पूर्वेस चालावयास लागावे. रस्ता त्यास आडवा येणारच. एवढे साधे गणित ठाऊक असले तर घाबरण्याचे कारण उरत नाही.

आणि होकायंत्रही जवळ नसेल तर? आकाश तर आहे! हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेस उगवतो, आणि दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास काठीची सावली उत्तरेकडे पडते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस सरकलेला असतो. तेव्हा तीच सावली दक्षिणेकडे पडते. ही गोष्ट स्वतः काठी रोवून पाहण्यासारखी आहे. पहाटे निघालेल्यांस ध्रुवतारा उत्तर दाखवितो. सोलापूरचे अक्षांश सुमारे साडेसतरा अंश आहेत, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून जवळजवळ तितकाच वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. अर्थात, क्षितिजावर दोन मुठी एकीवर एक ठेवल्या की वरच्या मुठीच्या कडेजवळ ध्रुव सापडावयास हवा. शेकडो कोसांचा प्रवास रात्री करणारे कित्येक पक्षीही ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून वाट ओळखतात. थंडीत हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येणाऱ्या पट्टकादंब हंसांच्या पाठीवर कोणी नकाशा बांधलेला नसतो. त्यांना पाहावयास जाणाऱ्याने निदान चार दिशा ओळखाव्यात, हे मागणे फार नाही.

सर्वांत शेवटी, पण मानाने सर्वांत पहिली, येते वही. पेन्सिलच हवी, कारण शाई दवाने फुटते. वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि हवा लिहावी. पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. तो चिमणीएवढा की साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. चोच सरळ की बाकदार. शेपूट लांब की आखूड. एकटा की थव्याने. आणि तो काय करीत होता, एवढे लिहावे. स्मरण फसवे असते. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत पिवळा रंग हिरवा होतो आणि तीन पक्ष्यांचे सात होतात. जागच्या जागी लिहिलेली ओळ मात्र बदलत नाही.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली ह्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. लहानपणी त्यांच्या हाती एक चिमणी आली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? हा प्रश्न घेऊन तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला, आणि त्या एका प्रश्नातून त्यांच्या आयुष्याची वाट उघडली. त्या मुलाजवळ दुर्बीण नव्हती. बारीक नजर आणि जिज्ञासा होती. सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्म १९३२ सालचा. वनाधिकारी म्हणून रानोमाळ हिंडताना त्यांनी पक्षी पाहिले, रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांची नावे ऐकली आणि सारे टिपून ठेवले. त्या टिपणांतून मराठीला ‘पक्षिकोशा’सारखे ग्रंथ मिळाले. २०२५ साली सोलापुरातच त्यांचे निधन झाले. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. ह्या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या मुलांस सहलीसाठी ह्याहून चांगला मुहूर्त कोणता?

वहीचे मोल किती असते हे नान्नजच्या माळरानानेच दाखवून दिले आहे. १९७२ च्या सुमारास पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी ह्यांना तेथे माळढोक दिसला. त्यांनी त्याची नोंद केली आणि ती लोकांपुढे मांडली. पुढे १९७९ साली तेथे माळढोक अभयारण्य स्थापन झाले. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अतिशय वजनदार पक्षी. नर सुमारे एक मीटर उंच असून त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ज्या नान्नजने ह्या पक्ष्यामुळे कीर्ती मिळविली, तेथे आज तो क्वचितच दिसतो, आणि दिसला तर एखादाच. साऱ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. माळराने नांगराखाली गेली, शिकार झाली, आणि विजेच्या तारांवर आदळूनही कित्येक मेले. त्याची नजर दोन्ही बाजूंस लांब पोहोचते, पण नेमकी समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही. आणि दिसली तरी ते जड शरीर चटकन वळत नाही.

आता चौकातील त्या मुलांकडे परत वळू या. कॅमेरा आणलेल्या मुलास वाटेल, की जवळ जाऊन एक तरी सुरेख छायाचित्र काढावे. कॅमेरा वाईट नाही. चांगले छायाचित्र हाही एक पुरावाच असतो. पण छायाचित्रासाठी घरट्यापाशी गेलेला माणूस आईबापांस उडवून लावतो, आणि उघडे पडलेले अंडे ऊन आणि कावळे ह्यांच्या स्वाधीन होते. माळावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की तिची अंडी जवळच कोठे तरी खड्यांत मिसळलेली आहेत असे समजावे आणि पाऊल जपून मागे घ्यावे. मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास फसवून बोलावणे हेही असेच अनुचित. त्याला वाटते, आपल्या हद्दीत शत्रू शिरला. आणि तो बिचारा चारा शोधण्याचे सोडून भांडावयास धावतो.

निळ्या ठिपक्याचाही एक धोका येथे ध्यानात येतो. ज्या यंत्राने वाट सापडते, त्याच यंत्राने एखाद्या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा क्षणात हजारो लोकांस कळविता येते. त्यांत हौशी असतील, तसे चोरटे शिकारीही असतील. म्हणून पक्ष्यांची यादी सर्वांस सांगावी, पण दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा फक्त वनखात्यास सांगावी. अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी आणि त्याचे नियम पाळावेत, हे वेगळे सांगावयास नकोच. कोणती गोष्ट बोलावी आणि कोणती पोटात ठेवावी, हे कळणे हाही शिदोरीचाच भाग आहे, आणि तो कोठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

असा सर्व विचार केला म्हणजे चौकात संकोचून उभ्या असलेल्या त्या मुलाची पिशवी हलकी वाटत नाही. वही आहे, पेन्सिल आहे, पाणी आहे, भाकरी आहे. त्यास दिशा ओळखता येत असतील, गप्प बसता येत असेल आणि दुरून पाहण्यात समाधान वाटत असेल, तर त्याची तयारी पूर्ण आहे. मित्रांनी त्यास दुर्बिणीतून पाहू द्यावे, आणि त्याने मित्रांस लिहावयास शिकवावे. आज दिसलेले पक्षी उद्या दिसतीलच असे नाही. त्यांच्यासाठी उद्या कोणास काही करावयाचे झाले, तर आजची नोंदच त्यास आधार देईल. म्हणून माळावरून परतताना प्रत्येक मुलाने पिशवीत एकदा हात घालून पाहावा. बाटली रिकामी झालेली असावी, भाकरीचे फडके रिकामे झालेले असावे, आणि वहीचे एक तरी पान भरलेले असावे.